आईच्या ताटातली तुकडी

माझ्या नातीची इंग्रजीची बाई फिलिपाइन्समध्ये राहते. इरा सुट्टीला पुण्याहून रत्नागिरीत माझ्याकडे येते तेव्हा टॅब्लेट घेऊनच येते, आणि संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला ओटीवर मांडी घालून बसते. पडद्यावर एक हसऱ्या चेहऱ्याची तरुण मुलगी दिसते आणि "व्हेरी गुड, इरा! व्हेरी गुड!" म्हणत तासभर बोलते. आमच्या देशात सगळे इंग्रजी बोलतात, आशियात आमच्यासारखं कुणी बोलत नाही, असं तिने इराला मोठ्या अभिमानाने सांगितलंय. खोटं नाही ते. मी स्वतः शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा मला कळतं. तिचे उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. पण ती "व्हेरी गुड" म्हणाली की मला तिथे बसवत नाही. उगाच उठते, स्वयंपाकघरात जाते, झाकलेली भांडी परत झाकते.

गेल्या सोमवारी बाईंनी गृहपाठ दिला. आठवडाभर घरात जेवताना फक्त इंग्रजीत बोलायचं. इराने मला हे नाचत नाचत येऊन सांगितलं आणि मी तिच्यावर अशी खेकसले, की पोर रडायचीच बाकी राहिली. "जेवताना नाही. माझ्या घरात नाही म्हणजे नाही!" "पण का, आजी? तू तर इंग्लिशची टीचर ना?" आता काय सांगू हिला? दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी वही काढली.

आमचं घर तेव्हा रत्नागिरीजवळ मिऱ्यावर होतं. घरामागे चार नारळ, आणि त्यांच्या मागे समुद्र. भरतीला पाणी बंधाऱ्याच्या दगडांवर आपटायचं आणि फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. घरात आम्ही तिघंच. बाबा, आई आणि मी. बाबा बोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. गळ्यात चांदीची शिट्टी, आणि तोंडात बोटीवरची ती बोली, जी ना धड हिंदी ना धड आणखी कुठली. दोर ओढायचा तर "हबेस", सोडायचा तर "आरिया". बाबांनी शिट्टी मारून "आरिया" म्हटलं की जयगडचा, नाट्याचा, हर्णैचा खलाशी एका वेळी हात सैल सोडायचा. हिंदू पोरं असोत की मुसलमान, सगळ्यांचा तोच हुकूम आणि तीच शिवी. एवढ्यावर बाबांनी अर्धी दुनिया पालथी घातली होती.

वर्षातले काही महिने बाबा घरी असायचे, मग मुंबईच्या ऑफिसचं पत्र यायचं आणि ते पेटी उचलून जायचे. मग एका साली पत्र आलंच नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बंदरावर बातम्या यायच्या, की कंपन्या आता आपले खलाशी काढून फिलिपिनो भरतायत, कारण त्यांना इंग्रजी येतं. बाबा आधी हसले. "दोर काय इंग्रजीत ओढतात?" मग हसायचे थांबले. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की पायात चपला न घालता रस्त्यापर्यंत जायचे. एरवी पडवीत फेऱ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत, डेकवर घालावी तशी. घरात एक दोर म्हणून सुटा राहिला नाही. विहिरीचा पोहरा, कपड्यांची दोरी, गवताचे भारे, सगळ्यांना त्यांनी अशा गाठी मारून ठेवल्या होत्या, की आईला साधी दोरी सोडायची तर त्यांनाच हाक मारावी लागायची. "ह्या माणसाला लवकर बोटीवर न्या रे कुणीतरी," आई विहिरीवर करवादायची, "नायतर माझ्या पायाला पण गाठ मारून ठेवील!"

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि इंग्रजी घेतलं होतं. मिऱ्यावरून इंग्रजी घेणारी मी एकटी. काय तो तोरा माझा! रस्त्याने चालताना मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवायची आणि भेटणाऱ्या मैत्रिणींना "हाय" करायचं. त्या माझ्या पाठीमागे फिदीफिदी हसायच्या, पण मला वाटायचं, जळतात मेल्या. तेव्हा एके दिवशी बाबांनी मला समोर बसवून, "शैले, मला इंग्लिश शिकव," म्हटलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. बापाने लेकीपुढे असं बसणं त्यांना किती जड गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

नियम बाबांनीच काढला. जेवायला मराठी बंद. बोटीवर सगळे मेजावर एकत्र जेवतात म्हणून त्यांनी पेटाऱ्याच्या फळ्यांचं एक टेबल ठोकून घेतलं, आणि आईलाही आमच्यासोबतच बसायचा हुकूम झाला. माशाची तुकडी इंग्रजीत मागायची. मागितली तरच मिळणार. आणि जेवताना कुणाच्या तोंडातून मराठी शब्द निघाला, तर त्याच्या ताटातली तुकडी जाणार. ज्याने पकडलं, त्याला ती मिळणार. आता मिऱ्यावरच्या माणसाची तुकडी काढून घेणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? भाताबरोबर कालवण सगळेच खातात. जेवलो असं वाटतं ते तुकडीने.

पहिल्याच दिवशी तुकड्या बाबांनी सगळ्यांना न मागता वाढल्या होत्या, आणि आई म्हणाली, "भात घ्या हो अजून." मी टाळी वाजवून ओरडले, "मदर! मराठी!" बाबा हसले आणि आईच्या ताटातली सुरमई माझ्या ताटात आली. तिरफळं घातलेलं लालभडक कालवण, आणि त्यात ती जाड तुकडी. मी दोन्ही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी आईला मोठ्या उपकाराने शिकवायला गेले. म्हटलं, एवढंच म्हण, 'प्लीज गिव्ह मी फिश.' सोप्पं आहे. आई पाट्यावर वाटप वाटत होती. वरवंटा थांबवून तिने माझ्याकडे पाहिलंन. "मी आणलेली, मी कापलेली, मी शिजवलेली तुकडी. ती मी मागू? आणि कुणाकडे गो?"

त्यानंतर आईने जेवताना बोलणंच सोडलं. भात हवा का विचारायचं तर टोपाच्या काठावर डाव वाजवायची, एकदा टण्. कालवणासाठी दोनदा. ताक हवं का, तर वाटीवर नखाने टिक टिक. आम्ही बापलेक आपले "पास द सॉल्ट", "टुडे वेदर इज फाइन" करत बसायचो, आणि मधूनच टण्. तुकडी तिने कधी मागितली नाही. कधीच नाही. टोपात तिच्या वाट्याची तुकडी उरायची आणि शेवटी मी "मे आय हॅव अनादर?" म्हणून ती घ्यायची. दोन-अडीच महिने. लिहिताना आज मला माझी शरम वाटते. आईचं जेवण हळूहळू कोरडं होत चाललं होतं आणि मी माझी वाक्यं मोजत होते.

मग नांदो आला. फिलिपाइन्सच्या कुठल्याशा लहान बेटावरचा तो. आधीच्या सफरीत कंपनीने नमुना म्हणून बाबांच्या हाताखाली काही फिलिपिनो पोरं घातली होती, त्यातला एक. बोटीवर दोराला दोर गुंफून जोडणं, तारा आवळणं, वादळात कुठे उभं राहायचं आणि कुठे मुळीच राहायचं नाही, हे सगळं बाबांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. बाबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला बाबांची. तरी शिकला. बोट दुरुस्तीला मुंबईत लागली आहे असं कळलं, तेव्हा बाबांनी माझ्याकडून त्याला पत्र लिहवून घेतलं. अगत्याचं चांगलं चार ओळींचं पत्र, पण त्यातली खरी गोष्ट आम्हाला तिघांनाही ठाऊक होती. कंपनी आपल्याला परत सारंग म्हणून घेणार की नाही, एवढंच बाबांना त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं. त्याआधी त्याच्याशी चार वाक्यं फडाफडा बोलून दाखवायची होती, म्हणजे तो जाऊन कॅप्टनला सांगेल, सेरांगला, म्हणजे सारंगाला, आता इंग्लिश येतं.

तो आठवडा बाबा रात्रंदिवस पाठ करत होते. मीही पुस्तकातलीच वाक्यं दिली होती, दुसरं मला काय येत होतं? 'वी आर डिलाइटेड टू रिसीव्ह यू.' बाबा ते विहिरीवर म्हणायचे, नारळ सोलताना म्हणायचे.

नांदो सकाळच्या एसटीने आला. बुटका, पिळदार, सोन्याचा एक दात, हातात बिस्किटांचा डबा. बाबांनी दारातच आपलं वाक्य म्हटलं आणि तो इतका खूश झाला, की त्याने बाबांना मिठीच मारली. "सेरांग! यू स्पीक!" बाबांचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, झालं, जिंकलो. शेजारून प्यायला माडाची ताजी माडी आणली होती. ती पाहून नांदो ओरडला, "तुबा! तुबा!" त्याच्या बेटावरही माडावर चढून तीच काढतात म्हणे. आई दाराआडून पाहत होती. ती मला हळूच म्हणाली, "आपल्यातलाच दिसतोय गो मेला."

दुपारी जेवायला बसलो. सुरमई होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सोलकढी होती. बाबांनी इंग्रजीत तुकडी मागितली, मी मागितली, नांदोला न मागता दोन मिळाल्या. आईच्या ताटात नुसता भात आणि कालवण. नांदोने ते लगेच पाहिलं. "मदर, नो फिश?" बाबा क्षणभर गडबडले आणि म्हणाले, "टुडे फास्ट." सुरमईचं कालवण ओरपणारी उपासाची बाई नांदोने पहिल्यांदाच पाहिली असेल. मी मान खाली घातली.

नांदो बोलका होता. त्याला त्याच्या इंग्रजीचा भारी अभिमान. आमचा ग्रीक कॅप्टन पत्रं माझ्याकडून तपासून घेतो, म्हणाला. मी विचारलं, तुम्ही एवढं चांगलं कुठे शिकलात? तर शाळेत, म्हणाला. शाळेत आपली बोली बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. पाटीवाल्याने मग दिवसभर दुसऱ्या कुणाला पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याने सगळे वर्ग झाडायचे. "माझ्या गळ्यात कधीच राहिली नाही," नांदो हसत म्हणाला, "मी पकडण्यात हुशार होतो." मीही हसले. पकडण्यात हुशार तर मीही होते.

मग त्याने हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले, खुर्ची बाबांकडे वळवली आणि भरभर बोलायला लागला. मान खाली, शब्दाला शब्द चिकटलेले. मी कान देऊन ऐकत होते. तो सांगत होता, की कंपनीने आता डेकवरचा म्होरक्या त्यालाच केलंय. ह्याबद्दल त्याला लाज वाटते, पण नाही म्हणणं त्याच्या हातात नव्हतं. सेरांगसाठी त्याने कॅप्टनचे पाय धरले, आणि कॅप्टनने एक जागा ठेवलीय, साध्या खलाशाची. त्याच्याच हाताखाली. तुम्हाला अपमान वाटला तर मला मारा, पण याल का, म्हणाला.

"येस," बाबा म्हणाले. "येस, येस. व्हेरी गुड."

नांदोने चमकून वर पाहिलं. "यू अॅग्री, सेरांग?"

"व्हेरी गुड! थँक यू!" बाबा हसत होते. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. नांदोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, यू आर अ बिग मॅन, मी आज मुंबईला जातो आणि कॅप्टनला तुमचा होकार सांगतो. आणि बाबा आपले मान डोलावतायत. व्हेरी गुड. व्हेरी गुड.

काय करू? गप्प बसले तर बाबांचा न कळता दिलेला शब्द पक्का झाला. बोलले तर पाहुण्यासमोर उघडं पडणार, की सारंगाला इंग्रजी येत नाही. मी सोप्या इंग्रजीत सांगून पाहिलं. "बाबा, ही इज बॉस नाऊ. यू, अंडर हिम." बाबा मला दटावत म्हणाले, "येस, येस, आय नो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात टोपावर डाव वाजला. एकदा नाही, दोनदा नाही; आई वाजवतच सुटली. टण् टण् टण् टण्.

"बोल गो," आई म्हणाली. अडीच महिन्यांत त्या टेबलावर तिचं ते पहिलं वाक्य. "तुझं तोंड बघत्येय मी मघापासून. काय सांगितलान त्याने? मराठीत बोल."

"शैले, इंग्लिश!" बाबा गुरकावले.

मी मराठीत बोलले. सगळं सांगितलं, जसंच्या तसं, म्होरक्याचं, साध्या खलाशाचं आणि होकाराचं. बोलताना मला रडू येत होतं आणि बाबांचा चेहरा मी पाहिला नाही, टेबलाच्या फळीवरचा खिळा पाहत राहिले. माझं संपलं. मग बाबांचा हात पुढे आला. आता थोबाडीत बसते, असं वाटून मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या ताटातली तुकडी उचलली. मी मराठी बोलले होते ना! नियम म्हणजे नियम. आणि ती त्यांनी आईच्या ताटात ठेवली.

मग ते आईला म्हणाले, "काय करू गो आता?"

मराठीत. जन्मात मी बाबांना असं कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं. आईने त्यांच्याकडे पाहिलंन, नांदोकडे पाहिलंन, ताटाकडे पाहिलंन.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मला तुकडी खाऊ द्या."

आणि खाल्लीन. घाई न करता, काटे बाजूला काढत, सालीकडचा भाग शेवटी राखून. अडीच महिन्यांची तुकडी ती. आम्ही तिघं थांबलो होतो. नांदोने मला हलकेच विचारलं, हे काय चाललंय? मी त्याला इंग्रजीत नियम सांगितला. "म्हणजे उपास नाही?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्याने पुढे जेवण केलं नाही.

आईने बोटं चाटली, पाणी प्यायली आणि बोलली. "जायचं तर जा, नसेल जायचं तर नका जाऊ. मी दोन्ही पेलीन. पण त्या पोराला जे सांगायचं ते आपल्या बोलीत सांगा, धडपणी, पुरुषासारखं. तिकडचं इकडे करायला ही आहे ना? शिकवलीत कशाला तिला?"

बाबा उठून उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज मी पुरा ऐकला, डेकच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारा. "सांग त्याला, मला राग नाही. त्याच्या हाताखाली मी दोर ओढीन. पण वादळ आलं आणि माझ्या तोंडातून 'आरिया' सुटलं, तर बोटीवर उरलेली आपली पोरं माझं ऐकतील, त्याचं नाही. त्याची पत जाईल, नाहीतर कुणाचा तरी हात जाईल. एका बोटीवर दोन सारंग मी पाहिले नाहीत. म्हणून मी येत नाही. सांग." मी वाक्यावाक्याला सांगत गेले. पुस्तकातलं एकही वाक्य त्यात कामाला आलं नाही. तरी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी मी त्या दुपारी बोलले असेन.

जाताना बाबांनी नांदोच्या हातात चांदीची शिट्टी ठेवली. तो घेईना; बाबांनी त्याची मूठ मिटून वर स्वतःच्याच पद्धतीने गाठ मारल्यासारखा हात आवळला. मी त्याला एसटीपर्यंत सोडायला गेले. वाटेत तो म्हणाला, "ती पाटी. मी नेहमी माझ्या बहिणीच्या गळ्यात घालायचो. ती धाकटी, तिला इंग्रजी यायचं नाही, सोपी सापडायची. पुढे तिने शाळेत बोलणंच टाकलं, आणि मग शाळा. आता मी घरी जातो तेव्हा ती माझ्याशी कमीच बोलते. मला वाटायचं, ती मुळातच अबोल आहे." एवढं सांगून तो गाडीत चढला. इतक्या वर्षांत त्याची खबर नाही.

बाबा पुन्हा बोटीवर गेले नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरचे दोर दुरुस्त करत राहिले, आणि तिथे शिव्या घालायला पोरं मिळाल्यावर माणूस बरा झाला. पेटाऱ्याचं टेबल आईने कोंबड्यांना दिलंन. मी इंग्रजी सोडलं नाही. सोडणार का म्हणून? पोट भरलं त्याच्यावर. पण आई असेपर्यंत तिने घेतल्याशिवाय मी तुकडी घेतली नाही. तिच्या ते लक्षात आलं होतं का, हे विचारायचं माझं राहून गेलं.

हे सगळं काल इराला वाचून दाखवलं. तिने टॅब्लेटवर बाईंना आपल्या आपण काहीतरी लिहून पाठवलंन. दुपारी जेवायला सुरमई होती. मी वाढायला उठले तर तिने माझ्या हातातला डाव काढून घेतलान आणि म्हणाली, "आजी, बस. आधी तू."